मुख्य वाक्य सापडले की मगच लेखणी उचलावी

बडोद्यातील मराठी घरातून संशोधनासाठी विद्यापीठात जाणारी विद्यार्थिनी दिवसभरात चार भाषांतून वावरते. घरी मराठी, रिक्षात आणि मैत्रिणींबरोबर गुजराती, प्रयोगशाळेत बाहेरगावाहून आलेल्या सहकाऱ्यांशी हिंदी, आणि शोधनिबंध लिहायला बसली की इंग्रजी. तो मसुदा मार्गदर्शकांकडून परत येतो, तेव्हा पहिल्या पानावर बहुतेक वेळा एकच शेरा असतो: इंग्रजी सुधारा. मग ती व्याकरणाचे पुस्तक काढते, मसुदा एखाद्या सॉफ्टवेअरमधून फिरवून घेते आणि काही आठवड्यांनी दुसरा मसुदा तयार करते. त्यात स्वल्पविराम जागच्या जागी असतात, पण या संशोधनातून नेमके काय कळले, हे वाचणाऱ्याला तरीही उमगत नाही.

दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या माडीवर दर शनिवारी दुपारी जमणाऱ्या एका लहान गटाबरोबर मी गेली काही वर्षे असे मसुदे वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, इंग्रजी कच्चे असल्याचे हे निदान बहुधा चुकते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या कामाचा निष्कर्ष मराठीत एका वाक्यात सांगता येत नाही, त्याला तो इंग्रजीत दहा पानांतही सांगता येणार नाही, कारण तो निष्कर्ष त्याच्या मनातच अजून तयार झालेला नसतो. त्या एका वाक्याला आम्ही आमच्या गटात ‘मुख्य वाक्य’ म्हणतो. शास्त्रीय लेखन शिकवायचे म्हणजे हे वाक्य शोधायला शिकवायचे, आणि मग निबंधातील प्रत्येक भाग त्या वाक्याच्या कोणत्या कामी येतो, हे दाखवायचे.

एक उदाहरण घेतो. आमच्या गटातील एक विद्यार्थिनी विश्वामित्रीच्या पाण्यावर काम करते. तिचे काम अजून प्रसिद्ध झालेले नाही, म्हणून इथले आकडे मी समजावण्यापुरते बदलून घेतले आहेत. तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात नदीचे महत्त्व, पावागढच्या डोंगरातील उगम, शहरीकरण आणि प्रदूषणाची जागतिक समस्या अशी दोन पाने चालली होती. ‘तुला काय सापडले?’ असे विचारल्यावर तिने उत्तर दिले, ‘मी पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास केला.’ हे उत्तर फार जण देतात, आणि प्रामाणिकपणे देतात. पण अभ्यास केला हे कामाचे वर्णन झाले, त्यातून हाती काय आले ते त्यात नाही. मुख्य वाक्यात असे काहीतरी असले पाहिजे की जे खोटे ठरू शकेल, ज्याला कोणी हरकत घेऊ शकेल. बराच वेळ बोलल्यावर तिने मराठीत लिहिलेले वाक्य असे होते: ‘शहराच्या वरच्या बाजूला विश्वामित्रीच्या एक लिटर पाण्यात 6 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो आणि शहर ओलांडल्यावर तो 2 मिलिग्रॅमवर येतो.’ या वाक्यावर वाद घालता येतो, म्हणूनच ते उपयोगाचे आहे.

पुढच्या शनिवारपर्यंत हे वाक्य घरच्या कोणाला तरी सांगून यावे, असा आमचा रिवाज आहे. तिने ते आईला सांगितले. आई रोज काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून जाते, आणि बडोद्यातील कोणाही माणसाप्रमाणे तिने पुलावरून नदीतल्या मगरी पाहिलेल्या आहेत. तिने लगेच विचारले, ‘अगं, पाण्यात प्राणवायूच नाही, तर मग एवढ्या मगरी जगतात कशा?’ विद्यार्थिनीला उत्तर ठाऊक होते. मगर फुप्फुसांनी श्वास घेते, हवेतला प्राणवायू घेते, म्हणून पाण्यातील प्राणवायूवर तिचे जगणे थेट अवलंबून नसते. मासे मात्र कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेलाच प्राणवायू घेतात. म्हणजे नदीत मगरी दिसतात, यावरून पाणी निरोगी आहे असे म्हणता येत नाही. हे उत्तर तिला येत होते, पण तिच्या पंधरा पानांच्या मसुद्यात त्याचा उल्लेख कुठेही नव्हता. एका साध्या प्रश्नाने प्रस्तावनेतील पोकळी उघडी पडली. हे काम कोणाही तज्ज्ञ समीक्षकाने केले असते तसेच आईने केले, आणि तेही मराठीत.

आता निबंधाच्या रचनेकडे वळू. शास्त्रीय नियतकालिके 1665 मध्ये सुरू झाली. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये पहिले आणि मार्चमध्ये लंडनमध्ये, हेन्री ओल्डेनबर्ग यांच्या संपादनाखाली, दुसरे नियतकालिक निघाले. त्या काळचे लेखन बरेचसे पत्रासारखे होते: मी अमुक केले, मला तमुक दिसले, असे क्रमाने सांगितलेले. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही आजची चार भागांची मांडणी सर्वमान्य झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विद्यार्थ्यांना हे चार भाग फॉर्ममधील रकान्यांसारखे शिकवले जातात आणि तेही मग ते रकाने भरतात. त्याऐवजी, मुख्य वाक्य ऐकल्यावर शंकेखोर वाचक जे चार प्रश्न विचारील, त्यांची ही उत्तरे आहेत, असे सांगितले तर रचना आपोआप कळते. हे मला कशाला सांगतेस? तुला कसे कळले? नेमके काय दिसले? आणि त्याचा अर्थ तू लावतेस तोच कशावरून?

यातील दुसऱ्या प्रश्नावर मला जरा थांबायचे आहे, कारण पद्धतींचा भाग सर्वांत कंटाळवाणा मानला जातो आणि सर्वांत घाईने लिहिला जातो. घरच्या पाककृतीत ‘चवीपुरते मीठ’ चालते, कारण ती वाचणारीचा हात बसलेला असतो. पद्धतींच्या भागात मात्र अनोळखी माणसाला तेच काम जसेच्या तसे पुन्हा करता आले पाहिजे. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची जुनी आणि अजूनही वापरातली रीत रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची आहे. तीत नमुना बाटलीत भरताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि रसायने नदीकाठीच घालून प्राणवायू तिथल्या तिथे बांधून घ्यावा लागतो. शिवाय नमुना किती वाजता घेतला हेही लिहावे लागते. उजेडात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, म्हणून दुपारी त्याचे प्रमाण चढते. रात्रभर सगळे सजीव तो वापरत राहतात, म्हणून पहाटे ते सर्वांत खाली असते.

हे सगळे लिहून काढताना त्या विद्यार्थिनीच्या लक्षात आले की, तिने शहराच्या वरच्या बाजूचे नमुने दुपारी घेतले होते आणि खालच्या बाजूचे, तिथे जाणे सोयीचे होते म्हणून, भल्या पहाटे. म्हणजे 6 आणि 2 यांच्यातील फरकाचा काही भाग शहराचा नसून घड्याळाचा होता. ती त्या दिवशी फार खिन्न झाली, कारण त्यामागे एका हंगामाची मेहनत होती. माझ्या दृष्टीने मात्र लेखन शिकवण्याचे याहून मोठे कारण सांगता येणार नाही. ही चूक तिला आकडेमोडीत दिसली नव्हती, आलेखात दिसली नव्हती. ‘कोणत्या वेळी’ हा शब्दप्रयोग कागदावर उतरवताना ती दिसली. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही आता पद्धतींचा भाग पहिला नमुना घेण्याच्या आधीच लिहायला सांगतो, आणि तो भविष्यकाळात लिहून घेतो: मी अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक रीतीने नमुना घेईन. निबंधाच्या वेळी क्रियापदांचा काळ तेवढा बदलावा लागतो.

निष्पत्ती आणि चर्चा यांतील सीमारेषा पाळणे अवघड असते. शहराच्या खाली प्राणवायू कमी आढळला, ही निष्पत्ती. नाल्यांच्या सांडपाण्यामुळे तो कमी झाला, हा लावलेला अर्थ. दोन्ही वाक्ये मराठीत इतकी सहज एकमेकांत मिसळतात की लिहिणाऱ्याला आपण उडी मारली हे कळतही नाही. क्रियापद निवडताना पुरावा किती भक्कम आहे हे पाहावे लागते: ‘सिद्ध झाले’, ‘दिसून आले’, ‘असे सूचित होते’, ‘अशी शक्यता आहे’ या उतरत्या पायऱ्या आहेत आणि लेखकाने आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे ओळखावे. ‘लक्षणीय’ या शब्दाचेही तसेच. संख्याशास्त्रात फरक लक्षणीय आहे असे म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात काहीच फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता फार कमी होती, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो फरक माशांच्या किंवा माणसांच्या दृष्टीने मोठा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाहेरचे माप लागते. उदाहरणार्थ, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात नदीतील स्नानासाठी लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम आणि मासे व वन्यजीवांसाठी किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षित आहे. ही मापे शेजारी ठेवली की 2 या आकड्याला अर्थ येतो.

भाषेचा प्रश्न मी नाकारत नाही, पण तो व्याकरणापेक्षा वाक्यरचनेचा अधिक आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून आपण नामाच्या आधी कितीही विशेषणे लादून वाचकाला शेवटपर्यंत थांबवू शकतो: ‘शहराच्या दक्षिणेकडील नाल्यांतून पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत नदीत येणाऱ्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचे प्रमाण वाढते.’ आपल्याला यात अडचण वाटत नाही, कारण क्रियापदाची वाट पाहण्याची सवय आपल्याला बाळपणापासून असते. इंग्रजी वाचकाला ती नसते. त्याला कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागते, आणि वीस शब्दांचा कर्ता संपेपर्यंत तो वाक्याचा धागा हरवून बसतो. भर देण्याची जागाही दोन्ही भाषांत वेगळी आहे. ‘नाल्यामुळे नदीतला प्राणवायू घटला’ आणि ‘नदीतला प्राणवायू नाल्यामुळे घटला’ या दोन वाक्यांतील दुसऱ्यात जोर नाल्यावर पडतो, कारण मराठीत जोराचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी येतो. इंग्रजीत तो मान साधारणपणे वाक्याच्या अगदी शेवटच्या शब्दांना मिळतो. मराठी सवयीने लिहिणारा विद्यार्थी आपली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इंग्रजी वाक्याच्या मध्यभागी ठेवतो आणि शेवटी तारीख किंवा ठिकाण लिहून मोकळा होतो. व्याकरणाची एकही चूक नसताना वाक्य निर्जीव वाटते ते यामुळे. हा फरक दोन भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दाखवला, तर एका दुपारीत कळतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांनाही तो कोणी दाखवलेला नसतो. ‘नमुने घेण्यात आले’, ‘निरीक्षण करण्यात आले’ ही सरकारी पत्रव्यवहारातून आलेली कर्ता लपवणारी शैलीही अशीच इंग्रजीत उतरते. तिथे ‘आम्ही घेतले’ असे म्हणायला आज बहुतेक नियतकालिकांची हरकत नसते.

दुसऱ्याची वाक्ये उचलण्याचा रोगही याच मुळाशी जोडलेला आहे, असे मला वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही, त्यापुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्यांवर शिक्षा वाढत जाते. नियम आवश्यक आहेत. मात्र त्यांचा परिणाम असा दिसतो की विद्यार्थी उचललेल्या वाक्यातील शब्द बदलून टक्केवारी खाली आणण्यात दिवस घालवतो. ज्याच्याकडे स्वतःचे मुख्य वाक्य असते, त्याला प्रस्तावनेत काय हवे आणि काय नको हे ठरवता येते. ज्याच्याकडे ते नसते, त्याला इतरांच्या प्रस्तावना गोळा कराव्या लागतात. आयोगाने 2019 मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशनातील नैतिकतेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम बंधनकारक केला, हे चांगलेच झाले. तेवढाच वेळ मुख्य वाक्य लिहिण्याच्या सरावालाही मिळावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

लेखी निबंधात वाचकाला मागे जाऊन पुन्हा वाचता येते. भाषणात ती सोय नाही, म्हणून मुख्य वाक्य भाषणात अधिकच उघडपणे यावे लागते. याबाबतीत कोलंबिया या अमेरिकी अंतराळयानाचे उदाहरण मी दर वर्षी देतो. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत असतानाच अभियंत्यांनी धोक्याचे मूल्यमापन स्लाइडच्या साहाय्याने व्यवस्थापकांपुढे मांडले. त्यांतील एका स्लाइडच्या शीर्षकावरून असे वाटत होते की पूर्वीच्या चाचण्यांचा आधार घेतला तर आपण सुरक्षित बाजूला आहोत. त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, एक ओळ होती: आदळलेला तुकडा सुमारे 1920 घन इंचांचा, चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा. म्हणजे प्रत्यक्षातील तुकडा 640 पट मोठा होता आणि त्या चाचण्या इथे लागू पडत होत्या की नाही, हाच खरा प्रश्न होता. त्या स्लाइडवर ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्दही पुन्हा पुन्हा आला होता, आणि किती म्हणजे लक्षणीय, हे कुठेच सांगितलेले नव्हते. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर यान तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताचे कारण एक स्लाइड होती, असे कोणी म्हणणार नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ही स्लाइड मुद्दाम छापली आणि सविस्तर तांत्रिक लेखाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या पद्धतीवर टीका केली. त्या दिवशीचे मुख्य वाक्य तळाची ती ओळ होती, आणि ती शीर्षकाच्या जागी हवी होती.

म्हणून आमच्याकडे स्लाइडला ‘निष्पत्ती’ असे शीर्षक चालत नाही. शीर्षक पूर्ण वाक्य असावे लागते, आणि स्लाइडवर दुसरे जे काही असेल ते त्या वाक्याचा पुरावा असावे लागते. बारा मिनिटांच्या भाषणात अशी वाक्ये फार मावत नाहीत, हे विद्यार्थ्याला स्वतःच मोजून कळते. आलेखांबद्दल इतकेच सांगतो की, समान पायावर उभ्या असलेल्या स्तंभांची उंची डोळ्याला वर्तुळाच्या फाकांपेक्षा अचूक ताडता येते, आणि लाल व हिरवा हे रंग काही जणांना वेगळे दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली. तिथल्या दुष्काळात लोक अंघोळीचा वेळ मोजायला तीन मिनिटांचे घड्याळ भिंतीवर लावत, त्यावरून ही कल्पना सुचली. एकच स्थिर स्लाइड आणि तीन मिनिटे, एवढेच तिचे बंधन. आमच्या माडीवर आम्ही हाच सराव आधी मराठीत किंवा गुजरातीत करून घेतो आणि नंतर इंग्रजीत. प्रश्नोत्तरांचाही सराव होतो. ‘हे मला माहीत नाही, पण ते कळण्यासाठी अमुक मोजावे लागेल’ हे उत्तर न लाजता देता आले पाहिजे, आणि तेही सरावानेच जमते.

मातृभाषेतून विज्ञान बोलण्याला या शहरात मोठी परंपरा आहे. कवळाण्याहून बाराव्या वर्षी दत्तक म्हणून आलेल्या सयाजीराव महाराजांची अक्षरओळखच इथे आल्यावर झाली, आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा त्यांना एकदम शिकाव्या लागल्या. पुढे 1890 मध्ये त्यांनी कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला. 1931 मध्ये राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा ‘सयाजीशासन शब्दकल्पतरू’ बडोद्यातच सिद्ध झाला. आमचा सराव त्या मानाने फारच लहान आहे, पण ‘याला मराठीत काय म्हणायचे?’ असा प्रश्न माडीवर निघतो, तेव्हा संज्ञेचा अर्थ आपल्याला खरोखर कळला आहे का, याचीही परीक्षा होते.

शिकवणाऱ्यांसाठी एक विनंती आहे. मसुदा हाती आला की आधी लाल पेन बाजूला ठेवावे. पहिल्या वाचनात मुख्य वाक्य आहे की नाही एवढेच पाहावे, दुसऱ्यात परिच्छेदांचा क्रम, तिसऱ्यात वाक्ये, आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी. जो परिच्छेद उद्या गाळावा लागणार आहे, त्यातील स्वल्पविराम आज सुधारून देण्याने दोघांचाही वेळ जातो, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की आपल्या लेखनात दोष काय तो स्वल्पविरामांचाच आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना माझा एक प्रबंध-गोषवारा सात वेळा परत आला आणि सातही वेळा केवळ भाषेच्या खुणा होत्या. ‘तुला म्हणायचे काय आहे?’ हे मला कोणी विचारले असते, तर माझे एक वर्ष वाचले असते.

त्या विद्यार्थिनीने नमुने पुन्हा घेतले. या वेळी दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन सगळ्या ठिकाणी एकाच पहाटे, सहा ते साडेसहाच्या दरम्यान. वरच्या बाजूचा आकडा 6 वरून साडेचारवर आला, खालचा 2 वरच राहिला. फरक घटला, पण पुसला गेला नाही. तिचे नवे मुख्य वाक्य असे आहे: ‘पहाटेच्या वेळी शहराच्या वरच्या बाजूला विश्वामित्रीच्या पाण्यातील प्राणवायू माशांना जेमतेम पुरेसा असतो आणि शहर ओलांडल्यावर तो निम्म्याहून कमी होतो.’ प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आता पावागढचा उगम नाही. तिथे मगरी आहेत, आणि त्या का जगतात याचे दोन ओळींचे उत्तर आहे.